धागा: उपचार संपले, मूल वाचलं. पुढचं कोण बघणार?

मलप्रभा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. प्रश्न घरातला आहे, म्हणून नाव-गाव काही लिहीत नाही.

माझ्या नणंदेच्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. एएलएल म्हणतात तो. परळला टाटामध्ये उपचार झाले, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नणंद आणि तिचा नवरा आलटून पालटून राहिले. मुलगा बरा झाला. आता विशीत आहे, कॉलेज करतो आणि सैन्यभरतीसाठी रोज पहाटे उठून पळतो. आपल्याकडं घराघरात भरतीची तयारी चालते, तुम्हाला सांगायला नको.

त्याला मात्र आजपर्यंत कुणी खरं सांगितलेलं नाही. केस गेलेले त्याला आठवतात, पाठीतल्या सुया आठवतात. विचारलं की "तुझं रक्त कमी झालं होतं" एवढंच उत्तर मिळतं. सुरुवातीची काही वर्षं तपासणीला नेत होते, मग तेही थांबलं. गावात कळू नये, भावकीत कळू नये, धाकट्या बहिणीच्या लग्नात आडवं येऊ नये, ही कारणं.

माझे प्रश्न दोन. त्याला आता सांगावं का, आणि कुणी? आणि असे उपचार झालेल्या मुलांचं मोठेपणी काय होतं यावर जो अभ्यास झालाय, त्यातून आपल्यासारख्यांनी काय घ्यायचं? माझं मत सांगून टाकते. मूल वाचलं म्हणजे काम संपलं, हे मला पटत नाही. तो कसा जगतोय हे त्यालाच विचारायला हवं. आणि विचारायचं तर आधी त्याला माहीत तरी हवं.

जुना_बेळगावकर

ताई, राग मानू नका. भरलेली जखम कशाला खरवडायची? पोरगं धडधाकट आहे, पळतंय, शिकतंय. सांगितलं की रोज रात्री तोच विचार करत पडेल. आमच्या वेळी या रोगाचं नाव घेतलं की माणूस गेलाच धरायचे. माझ्या भावजयीच्या वेळी शेजारचे आमच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हते. आई यल्लम्माची कृपा म्हणायची आणि पुढं चालायचं.

येळ्ळूरगड

अण्णा, जखम भरलीय हे बघितलं कुणी? तपासणीच बंद आहे म्हणतात त्या.

कडोलीवाला

मी सांगतो बघा. आमच्या पाहुण्यांत एका पोरीचं असंच लपवलेत. लग्न झालं, दिवस गेले, आणि डॉक्टरीणबाई विचारायलीय, आधी कसलं मोठं औषध झालंय काय, हृदयाचं काय आहे काय. आई गप, सासू गप. पोरीला तर काहीच माहीत नाही. शेवटी मामा म्हणून मी सांगितलो सगळं. कशाला बा लपवायचं? चोरी केलेत काय?

दवाखान्यातली_ताई

मी मूळची चिकोडीकडची, लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून बरीच वर्षं काढली, सध्या पुण्यात आहे. मलप्रभाताई, बाकी चर्चा होत राहील, पण तो पहाटे पळतोय ना, त्याचा एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून घ्या. आधी ते.

कारण सांगते. या आजारात डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन अशी औषधं देतात. रंगाला लालभडक असतात, दिल्यावर लघवीसुद्धा लाल होते, म्हणून वॉर्डातल्या आया त्याला "लाल औषध" म्हणतात. मूल वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण ती हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात, आणि ती इजा कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी दिसायला लागते. तोवर माणसाला काही जाणवत नाही. जिना चढतो, क्रिकेट खेळतो, सगळं करतो. एकूण डोस किती गेला यावर धोका ठरतो. शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला असेल तर धोका जास्त मानतात. एएलएलच्या बहुतेक मुलांना यापेक्षा कमी जातो, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नका. पण कमी गेलाय हे कागदावर बघूनच म्हणायचं.

पळणं बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. व्यायाम या मुलांना चांगलाच असतो. फक्त भरतीच्या तयारीत जड वजनं उचलायची असतील, दम कोंडून जोर लावायचा असेल, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

अजून दोन-तीन गोष्टी विचारते. डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं होतं का? मांडीच्या सांध्यात, खुब्यात दुखतं का? स्टेरॉइडनं काही मुलांच्या खुब्याचं हाड खराब होतं. आणि शाळेत कसा होता, विशेषतः गणितात?

मलप्रभा

ताई, आभार. शेक दिला होता. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे, तो फार रडायचा असं नणंद सांगते. खुबा दुखल्याचं ऐकलं नाही.

गणिताचं कसं ओळखलंत? पाढे यायचे, पण पेपर कधी पुरा व्हायचा नाही. घंटा झाली तरी निम्मा पेपर कोरा. घरी "मठ्ठ आहेस, खेळात लक्ष" म्हणून मार खाल्लाय त्यानं. भाषेत मात्र चांगला, पाठांतर पक्कं.

दवाखान्यातली_ताई

ओळखलं नाही हो, विचारायचा प्रश्नच आहे तो. डोक्याला शेक मिळालेल्या मुलांत पुढे लक्ष टिकवणं आणि भरभर विचार करणं जड जाऊ शकतं. उत्तर येतं, पण वेळ लागतो. गणितात ते आधी दिसतं. मेंदूवरचा हा परिणाम लक्षात आल्यावर एएलएलच्या उपचारांत शेक कमी करत आणले. आता बऱ्याच ठिकाणी मोजक्याच मुलांना देतात, बाकीच्यांना पाठीतल्या सुईतून औषध. तुमच्या भाच्याचं कारण तेच असेल असं इथं बसून मी म्हणू शकत नाही. पण अशा मुलाला पेपरला जादा वेळ मिळाला की फरक पडतो. शिक्षक म्हणून तुम्हाला हे उपयोगी पडेल.

राकसकोप

अभ्यासाबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी सार्वजनिक आरोग्यात काम करतो, मूळ गाव बेळगावपासून जवळच.

१९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांमध्ये आजार तात्पुरता मागे हटतो हे दाखवलं. त्याआधी ही मुलं काही आठवड्यांत, महिन्यांत जात. १९६२ पासून मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र आणि दीर्घकाळ द्यायला सुरुवात केली, आणि मुलं खरोखर बरी व्हायला लागली. बरी झालेली मुलं मोठी झाली तेव्हा प्रश्न आला, की यांचं पुढे काय होतं? त्यासाठी १९९४ मध्ये अमेरिका-कॅनडात मोठा अभ्यास सुरू झाला. १९७० ते १९८६ या काळात निदान झालेले, पाच वर्षं जगलेले लोक त्यात घेतले आणि तुलनेला त्यांचीच भावंडं. ही भावंडांची कल्पना मला फार आवडते. घर तेच, जेवण तेच, आईबाप तेच, फरक फक्त आजाराचा आणि उपचारांचा.

२००६ साली त्यातल्या १०,३९७ जणांची माहिती छापून आली. सरासरी वय विशीच्या उत्तरार्धात. त्यातल्या ६२.३ टक्के लोकांना एक तरी दीर्घकाळचा आजार होता. २७.५ टक्क्यांना गंभीर किंवा जिवावर बेतणारा. भावंडांच्या तुलनेत गंभीर आजाराची शक्यता आठपट.

जुना_बेळगावकर

बघा! आठपट! म्हणजे हे त्या पोराला सांगायचं? त्याची झोप उडेल की नाही?

राकसकोप

अण्णा, पुढचं लिहायचंच होतं. त्या लोकांचे उपचार सत्तर-ऐंशीच्या दशकातले. तेव्हा शेक जास्त, अंदाज कमी. त्याच अभ्यासातून पुढे २०१६ साली आलेली माहिती सांगते, की पाच वर्षं पार केलेल्यांपैकी त्यापुढच्या पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला १२.४ टक्के होतं, ते नव्वदच्या दशकात निदान झालेल्यांमध्ये ६ टक्क्यांवर आलं. उपचार कुठं नडतात हे कळलं, म्हणून ते हलके करता आले. ज्यांनी वर्षानुवर्षं आपली माहिती दिली त्यांच्यामुळे पुढच्या मुलांचं भलं झालं. माहिती झाकून ठेवली असती तर आजही सगळ्यांना तोच शेक मिळत असता.

आणि ६२ टक्के म्हणजे ६२ टक्के अंथरुणावर नव्हेत. थायरॉइड कमी असणं, ऐकू कमी येणं, हेही त्यात आलं. रोजची एक गोळी किंवा कानातलं यंत्र, एवढ्यावर भागणारी दुखणी त्यात बरीच. फक्त ती सापडायला हवीत.

तवंदी_घाट

मी स्वतः त्यातली आहे, म्हणून लिहिते. निपाणीकडची.

दोन वर्षांची असताना माझ्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत काहीतरी पांढरं चमकतंय हे आजीनं पाहिलं. रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. डोळा काढावा लागला, केमो झाली. आता तिथं कृत्रिम डोळा आहे. रात्री काढून धुते, सकाळी बसवते, चष्म्याइतकीच ती सवयीची गोष्ट झालीय.

शाळेत वर्गाच्या फोटोच्या वेळी बाई मला कायम डाव्या टोकाला उभं करायच्या आणि मान जरा वळवायला सांगायच्या, म्हणजे तो डोळा फोटोत येऊ नये. प्रेमानंच करायच्या. माझ्या एकाही वर्गफोटोत माझा पूर्ण चेहरा नाही. मोठेपणी एका तपासणीला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, "शाळेत कशाचा त्रास झाला?" मी फोटोचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. तोवर घरच्यांनी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी डोळ्याबद्दल विचारलं होतं, माझ्याबद्दल तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

मला लहानपणापासून सगळं माहीत होतं. आजीनं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, "तुझ्या डोळ्यात वाईट गाठ होती, तुझा जीव वाचवायला डोळा दिला." त्यामुळे शाळेत पोरं काही बोलली की मला उत्तर देता यायचं. अण्णा, तुमची काळजी कळते, पण न सांगितलेल्या मुलाकडं असं उत्तर नसतं.

येळ्ळूरगड

ताई, आजीला माझा नमस्कार सांगा.

तवंदी_घाट

आजी आता नाही. पण लिहिलंत, बरं वाटलं.

कडोलीवाला

ताई, एक विचारू काय? लग्नाच्या वेळी काय केलात? आमच्या पाहुण्यांतल्या पोरीच्या आईचं म्हणणं, खरं सांगितलं असतं तर लग्नच झालं नसतं.

तवंदी_घाट

विचारा की. बघायला आले की पोहे पुढ्यात यायच्या आधीच मी स्वतः सांगायची. काही स्थळं परत गेली. आई रात्री रडायची. मग एकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्कूटी चालवता काय?" म्हटलं, चालवते. आता बाजारला जाताना मागच्या सीटवर तेच बसतात. 🙂

गंमत राहू द्या, पण यामागं मोठी गोष्ट आहे. या कॅन्सरचा एक प्रकार आरबी१ या जनुकातल्या बिघाडामुळं येतो. दोन्ही डोळ्यांना झाला असेल तर तो आनुवंशिक प्रकार धरतात, आणि प्रत्येक अपत्याला तो बिघाड जाण्याची शक्यता निम्मी असते. एकाच डोळ्याला झालेल्यांतही काहींमध्ये तो असतो. मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, म्हणून मुलगी झाल्याबरोबर तिचे डोळे तपासून घेतले. नंतरही ठरल्या वेळी नेत राहिलो. ती छान आहे. माझ्यापासून कुणी लपवलं असतं तर तिला कुणी तपासलं असतं?

घटप्रभा

हुक्केरी तालुका. माझ्या मुलीलाही रक्ताचा कॅन्सर, सध्या मेंटेनन्सवर आहे, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा, रोज रात्री गोळी, महिन्याला दवाखाना. रक्तातल्या पेशींचे काउंट पडले की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. हा धागा मी दोनदा वाचला. आम्हाला आतापर्यंत एकच विचार होता, पोर जगावी. पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं.

एक विचारतो. उपचार बेळगावात घ्यावेत, बेंगळूरला किदवाई कॅन्सर रुग्णालयात, की मुंबईला, यावरच आमच्या घरात भांडणं झाली. कार्ड इकडचं, नातेवाईक तिकडचे.

येळ्ळूरगड

कार्डाचं नका विचारू. आमच्या गावाला इकडचं आरोग्य कर्नाटक कार्ड, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. त्यावरून दोन सरकारांत केवढं वाजलं, आठवतंय ना? आमचा म्हातारा म्हणाला, आजारी पडायला आता दोन राज्यं उपलब्ध आहेत.

जुना_बेळगावकर

वाजलं म्हणजे काय! मुळात १९५६ सालीच

संपादक

अण्णा, सीमाप्रश्नाचा धागा शेजारीच आहे. इथं विषयावर राहू या.

जुना_बेळगावकर

राहिलो. 🙏

दवाखान्यातली_ताई

घटप्रभा, चालू उपचार अर्ध्यात हलवू नका. जिथं सुरू आहेत तिथंच पूर्ण करा. तपासण्यांचं वेगळं, इको, थायरॉइडचं रक्त, ऐकण्याची तपासणी हे सगळं आता बेळगावात होतं. फक्त काय तपासायचं हे मूळ दवाखान्याकडून लिहून आणलेलं हवं.

आणि गोळ्या संपायला आल्या की काही जण काढा, जडीबुटी घेऊन येतात. भाबडेपणानं आणतात, पण मेंटेनन्सच्या गोळ्यांबरोबर ते यकृताला नडू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

राकसकोप

"त्यालाच विचारायला हवं" असं मलप्रभाताईंनी लिहिलंय, त्यावर थोडं.

मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजायला बऱ्याच देशांत पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली वापरतात. २३ प्रश्न, चार भाग: शरीर, मन, सोबतचे मित्र, शाळा. गेल्या महिन्यात पळायला त्रास झाला का, झोप नीट लागली का, इतर मुलं चिडवतात का, दवाखान्यापायी शाळा बुडली का, असे. प्रत्येक प्रश्नाला "कधीच नाही" पासून "जवळजवळ नेहमी" पर्यंत पाच उत्तरं, शेवटी ० ते १०० मध्ये गुण. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी वेगळा कागद आणि आईबापांसाठी वेगळा. दोघांची उत्तरं पुष्कळदा जुळत नाहीत. आजारी मुलाचे आईबाप बहुतेक वेळा मुलापेक्षा कमी गुण देतात.

मी एकदा असा कागद भरून घेताना बसलो होतो. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, औषधानं पाऊल थोडं लोंबत होतं, चालताना चप्पल घासायची. व्हिंक्रिस्टिन या केमोच्या औषधानं नसा दुखावल्या की असं होतं. आई म्हणाली, "हा मुलांत खेळतच नाही, नुसता उभा असतो." तेच मुलाला विचारलं तर तो फणकारला, "मी किपर आहे!" उभं राहणं हेच त्याचं काम होतं, आणि टीममधली जागा त्यानं स्वतः मागून घेतली होती. आईच्या कागदावर तो एकटा पडलेला मुलगा होता. दोन्ही कागद खरे आहेत. पण आईचा एकटाच ठेवला तर त्या मुलाबद्दल चुकीचं काहीतरी छापलं जाईल.

दुसरी अडचण आपल्या भागाची. अभ्यासात तेच येतात जे तपासणीला येतात. टाटात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, एसीटी म्हणतात त्याला. उपचार संपून दोन वर्षं झाली की मूल तिथं जातं आणि पुढं मोठेपणीही त्याला दारं उघडी असतात. इंडियन कॅन्सर सोसायटीनं २००९ मध्ये अशा बऱ्या झालेल्या मुलांचा उगम नावाचा गट उभा केला, तो तीच मुलं मोठी होऊन चालवतात. पण गाव लांब, रजा मिळत नाही, त्यात लपवाछपवी, म्हणून सीमाभागातलं मूल गळतं. मग त्याचं दुखणं, त्याची शाळा, त्याचं लग्न, कुठल्याच नोंदीत येत नाही.

जुना_बेळगावकर

हे किपरचं वाचून जरा थांबलो. मी माझ्या भावजयीबद्दल वर लिहिलं. तिला आम्ही कधी विचारलं नाही, तुला काय हवं, कुणाला भेटायचंय. सगळं आम्हीच ठरवत होतो, तिचं भलं म्हणूनच.

तरी माझी शंका उरतेच. विशीतला मुलगा आहे. सांगायचं ते सांभाळून सांगा, एवढंच म्हणणं.

दवाखान्यातली_ताई

ते अगदी बरोबर, अण्णा. सांगताना घाईनं नको, भांडणात नको, लग्नाच्या बैठकीत तर नकोच. आईबापांनी सांगावं, डॉक्टरांना बाजूला बसवून सांगितलं तर उत्तम, कारण तो लगेच विचारणार, "परत होईल काय? माझी मुलं होतील काय?" दोन्हींना सरळ उत्तर देता यायला हवं. एवढ्या वर्षांनी तोच आजार उलटणं फार विरळ. मुलांबद्दल म्हणाल तर काही औषधांचा परिणाम होतो, सायक्लोफॉस्फामाइड जास्त प्रमाणात गेलं असेल तर विशेषतः, पण एएलएलच्या नेहमीच्या उपचारांनंतर बहुतेकांना मुलं होतात. तपासूनही बघता येतं.

कडोलीवाला

आणि सांगून झाल्यावर पोराला एक कुंदा द्या. बेळगावचा माणूस गोड तोंडानं सगळं ऐकतो.

मलप्रभा

सगळ्यांना उशिरा उत्तर देते. घरात बरीच बोलाचाली झाली. नणंदेला हा धागा वाचून दाखवला, तवंदी घाट यांचं लिहिलेलं तिनं पुन्हा वाचायला लावलं. त्यानंतर ती तयार झाली.

कागद ट्रंकेतच होते, लग्नाच्या शालूखाली. उपचारांचा सारांश लिहिलेलं पान पिवळं पडलंय, पण वाचता येतं. औषधांची नावं, शेक किती, सगळं आहे. ते घेऊन बेळगावातल्या डॉक्टरांकडं गेलो. लाल औषधाचा एकूण डोस २५० च्या बराच खाली निघाला. इको काढला, हृदय नीट काम करतंय. थायरॉइडचं रक्तही दिलं.

सांगितलं आईनं, बाबा शेजारी बसले होते, डॉक्टर समोर. तो रडला नाही. पहिला प्रश्न परत होईल काय असा नव्हता, भरतीचाही नव्हता. शेकाचं ऐकल्यावर त्यानं डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे पेपर पुरा व्हायचा नाही, तो याच्यामुळं?" डॉक्टर म्हणाले, शक्य आहे, तपासणी करून सांगता येईल. तो बराच वेळ बाबांकडं बघत राहिला. बाबांनी मान खाली घातली. घरी येईपर्यंत दोघं काही बोलले नाहीत, पण रात्री एकाच ताटात जेवले.

आता आईबापांवर थोडा रागावलाय, आणि तो राग त्याचा हक्काचा आहे असं मला वाटतं. कॉलेजात परीक्षेला जादा वेळ मागता येईल का ते विचारायला मी त्याच्याबरोबर जाणार आहे. भरतीचा अर्ज भरायचा म्हणतोय आणि मेडिकलला काहीही न लपवता कागद दाखवायचे म्हणतोय. एसीटी क्लिनिकला मुंबईला जायचंही त्यानंच ठरवलं. उगमचं त्याला मी सांगितलं. आपल्यासारखी अजून मुलं आहेत हे ऐकून त्याला नवल वाटलं.

तवंदी_घाट

त्याला सांगा, निपाणीत एक ताई आहे. बोलावंसं वाटलं तर इथूनच निरोप द्या.

येळ्ळूरगड

आणि पेपर पुरा झाला नाही तरी पळण्यात पुरा होईल म्हणावं.

घटप्रभा

मलप्रभाताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमची पुढची तारीख जवळ आलीय. ताई, मी दवाखान्यातून नक्की कोणते कागद मागून घेऊ? आमच्याकडं सगळं सुटं आहे, पिशवीत कोंबलेलं.

दवाखान्यातली_ताई

उपचार संपताना "ट्रीटमेंट समरी" मागायची, नाव घेऊनच मागा. त्यात निदान आणि तारीख, प्रत्येक केमोचं नाव आणि एकूण डोस, शेक दिला असल्यास कुठं आणि किती, शस्त्रक्रिया, रक्त कितीदा चढवलं, आणि पुढं कोणती तपासणी कधी, हे लिहिलेलं असावं. केस नंबर ठळक लिहून घ्या. मूळ प्रत घरात, एक झेरॉक्स आजोळी, आणि फोटो काढून मोबाइलमध्ये. मुलगी कितवीत आहे?

घटप्रभा

तिसरीत. शाळेत जायला लागलीय, टोपी घालून. तिला एवढंच माहीत आहे की रक्तात खराब पेशी आहेत आणि गोळी त्यांना मारते.

दवाखान्यातली_ताई

तिसरीच्या मुलीला तेवढं पुष्कळ आहे आणि ते खरं आहे. पाचवी-सहावीत आजाराचं नाव सांगा. दहावीपर्यंत ती समरी तिला स्वतः वाचता आली पाहिजे.

राकसकोप

घटप्रभा आणि मलप्रभाताई, दोघांना उपयोगी: रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे, आणि ती उपचार संपल्यावर ठराविक काळानं होणाऱ्या तपासणीच्या प्रवासालाही लागते. स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. दवाखान्यातून रेल्वेचा ठरलेला फॉर्म भरून घ्यावा लागतो, सही-शिक्क्यासकट. ओपीडीच्या दिवशीच मागा, नंतर धावपळ होते.

घटप्रभा

हे कुणीच सांगितलं नव्हतं. मिरजेवरून जातो आम्ही, दरवेळी पूर्ण भाडं भरून. या वेळी फॉर्म मागतो.